कॉट, वॉकर, एअर बेड उसनं मिळतं त्या खोलीचा रिव्ह्यू (नाव विचारू नका)

पहिलंच सांगून टाकतो, जागेचं नाव लिहिणार नाही. रिव्ह्यू लिहितोय आणि नावच नाही, येडा झालाय काय हा असं वाटेल, पण तिथल्या काकांनी मला दोनदा बजावलंय की लिहायचं तर लिहा, आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव नको. माणसानं आपल्याला एवढं दिलं आणि त्याबदल्यात एवढंच मागितलं तर ते पण मोडायचं म्हणजे अतिच झालं. कोल्हापुरातली जागा आहे, एका चर्चच्या मागं एक लांबट खोली आहे, पूर्वी तिथं संडेस्कूलची बाकडी ठेवायचे म्हणे. गरज पडली तर ओळखीच्या कुठल्याही ख्रिश्चन माणसाला विचारा, दोन फोनात पत्ता लागतो. मला तसाच लागला.

तर झालं असं, गेल्या श्रावणात आई बाथरूममध्ये घसरली. वय ७८. खुब्याचं हाड गेलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती म्हणून ऑपरेशन चार दिवस लांबलं आणि ते चार दिवस ती माऊली नुसती पाठीवर, हलवलं की किंचाळायची म्हणून आम्ही पण हलवलं नाही, ही आमची पहिली चूक, पण ते नंतर कळलं. ऑपरेशन झालं, बॉल बदलला, दुसऱ्या दिवशी धरून उभी पण केली, आठवड्यानं डिस्चार्ज. आणि कार्डावर सगळ्यात खाली एक ओळ, फाउलर कॉट, एअर बेड, वॉकर, कमोड चेअर अरेंज करा. (फाउलर कॉट म्हणजे हँडल फिरवून डोक्याकडची, गुडघ्याकडची बाजू वर होते ती, एअर बेड म्हणजे पंपानं हवा भरायची गादी.) अरेंज करा म्हणजे कुठनं करा? आम्ही मंगळवार पेठेत राहतो, वरच्या मजल्यावर, जुना वाडा, घरात जन्मात कुणी लोखंडी कॉटवर झोपलेलं नाही. दुकानात जाऊन आलो, नवीन घ्यायचा विषयच नव्हता, भाड्यानं विचारलं तर कॉटचं महिन्याचं वेगळं, गादीचं वेगळं, डिपॉझिट दहा हजार आणि पोचवायचे पैसे परत वेगळे. हॉस्पिटलचं बिल भरून नुकताच खिसा उलटा करून बाहेर पडलेलो. तिथं पायरीवर बसूनच ऑफिसात फोन लावला, रजा वाढवायला, तर पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या थांबा, आमच्या चर्चमधनं बघते.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? की म्हणजे फुकट असणार, म्हणजे मोडकं असणार, आणि बरोबर एक पुस्तिका मिळणार. तिन्हीतलं पहिलं खरं निघालं, दुसरं अर्धंमुर्धं, ते पुढं सांगतो.

संध्याकाळी पाचला गेलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाच ते सात उघडी असते आणि रविवारी उपासना सुटल्यावर तासभर. आत गेल्या गेल्या फिनेलचा वास. एका भिंतीला कॉटा उभ्या करून ठेवलेल्या, मधी व्हीलचेअरी, कोपऱ्यात वॉकर एकात एक अडकवून, मांडणीवर कमोडची भांडी धुऊन पालथी घातलेली, एअर बेड गुंडाळून प्रत्येकाचा पंप त्याच्याच पिशवीत. प्रत्येक वस्तूवर पिवळ्या ऑइलपेंटनं नंबर. कॉट ७, वॉकर २२, असं. मी उगंच शोधत होतो की कुठं लिहिलंय का, अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. नाही. आपल्याकडं देवळात फॅन दिला तर पात्यावर नाव असतंय, फॅन फिरायला लागला की वाचता येत नाही म्हणून बंद असतानाच लोक बघून घेतात, बसस्टॉपच्या बाकड्यावर तर बसायला जागा कमी आणि देणगीदार जास्त. इथं पंचवीसतीस वस्तू आणि एकावर नाव नाही. म्हणलं विसरले असतील.

टेबलामागं एक काका, सत्तरीचे असतील, चष्म्याला दोरी, समोर लांब वही. मला वाटलं आता आधार कार्ड, दोन फोटो, नगरसेवकाचं पत्र. काकांनी विचारलं काय, तर जिना किती पायऱ्यांचा, वळण आहे का, दाराची रुंदी मोजली का, आईंचं वजन किती, लाईट जाते का आणि गेली तर इन्व्हर्टर आहे का. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, रात्री जवळ कोण झोपतं? मला उत्तर देता येईना, कारण तोपर्यंत आम्ही घरात त्याच्यावर बोललोच नव्हतो, बायकोनं गृहीत धरलेलं मी झोपणार, मी गृहीत धरलेलं ती झोपणार. हॉस्पिटलात सात दिवसात अर्धा डझन लोक येऊन बघून गेले त्यातल्या एकानं हा प्रश्न विचारला नव्हता. काका म्हणाले आजच ठरवा, वाटून घ्या, एकट्यावर टाकलं की तिसऱ्या आठवड्यात भांडणं होतात.

वहीत नाव, पत्ता, फोन, वस्तूचा नंबर, तारीख. जातीचा, धर्माचा रकाना नाही, मी मुद्दाम वाकून बघितलं. डिपॉझिट सगळ्याचं मिळून हजार रुपये, वस्तू परत आली की परत, भाडं शून्य. मी हसत म्हणलं काका, धर्मादाय म्हणता आणि डिपॉझिट घेता होय. तर म्हणाले, अहो डिपॉझिट आमच्या शास्त्रातलंच आहे. आणि मग चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेवर लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, दोन धार्मिक माणसं बघून बाजूनं निघून जातात, आणि ज्याच्या हातचं पाणी पण कुणी घेतलं नसतं असला परका, शोमरोनी, तो थांबतो, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो. ही एवढी गोष्ट मला शाळेत कधीतरी ऐकल्यासारखी होती. पण काका म्हणाले खरी गंमत शेवटी आहे, तो त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर जवळ थांबतो, सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि म्हणतो, ह्याला बघ, वर काय खर्च झाला तर मी परत येताना देईन. म्हणजे ॲडव्हान्स दिला, हिशेब उघडा ठेवला आणि परत यायचं कबूल केलं. लोक नुसतं तेल-पट्टीपर्यंत सांगतात, काका म्हणाले, आम्हाला हा हिशेबाचा भाग जास्त उपयोगाचा.

मी म्हणलं बरं, मग टेम्पो तुमचा येतो का. म्हणाले टेम्पो तुम्ही बघायचा. मी म्हणलं काका, शोमरोन्यानं स्वतःच्या जनावरावर बसवून नेलं होतं, तुम्हीच आत्ता सांगितलं. ते एवढे हसले की चष्मा दोरीला लोंबायला लागला. पण टेम्पो काय दिला नाही. तेव्हा ही सर्व्हिसमधली पहिली उणीव, पोचवायची सोय नाही, छोटा हत्ती आपला आपण ठरवायचा, मला पाचशे पडले.

टेम्पोबरोबर चर्चमधली दोन पोरं मात्र दिली, कॉट जोडायला. आमच्या जिन्याला मधीच काटकोनात वळण, कॉट उभी केली तर वर तटतीय, आडवी केली तर भिंतीला. खालनं तालमीतली चार पोरं आली, नेहमीचीच, गणपतीची वर्गणी मागायला येतात ती, आणि सहा जणांनी मिळून पंधरा मिनिटं ती कॉट अशी फिरवली की विचारू नका. चर्चच्या पोरांतला एक घामाघूम होऊन विचारतोय, भावा तुम्ही पाटाकडील का दिलबहार (आमच्याकडच्या फुटबॉलच्या टीमा), आणि तिथंच जिन्यात, कॉट डोक्यावर असताना, शाहू स्टेडियमवरच्या कुठल्या तरी जुन्या पेनल्टीवरनं वाद सुरू. आई आतनं ओरडतीय, आरं आधी मला निजवा की. कॉट जोडली, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर होती का बघितलं, गुडघ्याकडची बघितली, गुडघ्याचं हँडल जाम होतं, तेल घातलं तरी शेवटपर्यंत जामच राहिलं. चहा घेतला आणि गेली पोरं.

आता खरा रिव्ह्यू.

कॉट आणि गादी देणारे अजून पण असतील, कोल्हापुरात मदत करणारी माणसं कमी नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई, पांढरे केस, सुती साडी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या एअर बेड १४ इथंच आलाय ना. एअर बेड ज्याच्याकडं जातो त्याच्याकडं ह्या एकदा जाऊन बघतात, असा त्यांचा नियम आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं. रिटायर सिस्टर, म्हणजे नर्स. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या, म्हणजे वॉनलेसमध्ये, आणि नंतर बरीच वर्षं नोकरी. आत आल्या, आईशी दोन शब्द बोलल्या, आणि गादीखाली हात घातला. मला कळेना काय करतायत. आईच्या कमरेखाली, गादी आणि कॉटच्या मधी, तळहात वर करून. म्हणाल्या बघा तुमचा हात घाला. घातला तर आईचं माकडहाड सरळ माझ्या हाताला लागतंय. म्हणजे हवा कमी. पंपाचं बटन वजनाप्रमाणं फिरवायचं असतं, आम्ही आपलं मधी ठेवलेलं, मध्यम म्हणजे बरं असं समजून. तीन दिवस आई एअर बेडवर होती आणि खरं म्हणजे लोखंडी पत्र्यावरच होती.

मग कुशीवर केलं. दोन पायांच्या मधी उशी ठेवून, कारण ह्या ऑपरेशननंतर तो पाय दुसऱ्या पायावरनं पलीकडं जाऊ द्यायचा नसतो, खुबा निखळू शकतो. पाठ बघितली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. त्यांनी बोटानं दाबला आणि सोडला. म्हणाल्या दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबून पण लालच राहिलं तर जखम सुरू झाली समजायचं. लालच राहिला. बायको लगेच तेल घेऊन आली चोळायला, तिचा हात धरला, चोळायचं नाही, आतली कातडी अजून फाटते. मी कपाटावरनं रबरी रिंग काढली, मेडिकलवाल्यानं दिलेली, बेडसोअरला, म्हणजे झोपून झोपून पडणाऱ्या जखमेला, बेस्ट म्हणून. ती घेतली, हवा सोडली आणि माझ्या हातात दिली, म्हणाल्या ह्यानं मधल्या भागाचं रक्त अडतं, नातवंडांना पोहायला द्या. दर दोन तासांनी कूस. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पिंढरीखाली उशी. डोक्याकडची बाजू फार वेळ उंच ठेवायची नाही, माणूस खाली घसरतो आणि घसरताना कातडी ओढली जाते. कूस बदलायची तर ओढायचं नाही, खाली चादरीची घडी घालून दोघांनी चादरीसकट उचलायचं. हे सगळं त्यांनी सांगितलं नाही, करून दाखवलं आणि मग आमच्याकडनं करून घेतलं, माझ्याकडनं तीनदा, कारण मी दोनदा चुकलो. वॉकरची उंची पण बदलली, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाला येईल तेवढी मूठ पाहिजे म्हणे, आमची चांगली चार बोटं वर होती, आई खांदे उचलून चालत होती.

ह्या एका तासासाठी मी पाच स्टार काय पन्नास दिले असते. हॉस्पिटलमध्ये कुणी वाईट वागलं असं नाही, पण तिथं सगळ्यांना घाई, आणि डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात देऊन पुढचा पेशंट.

आता ते, ज्याची सगळे वाट बघतायत. आमच्या एका चुलतभावानं फोन करून सांगितलेलं, जपून रे, ही लोकं असंच करतात, आधी कॉट, मग प्रार्थना, मग पाणी, म्हणजे बाप्तिस्मा. त्यामुळं सिस्टर आल्या की मी आपला दाराशी उभा, कान टवकारून. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा काही नाही. तिसऱ्या वेळी आईच म्हणाली, तुमच्यात काय म्हणत्यात ते म्हणा की बाई माझ्यासाठी, अंबाबाईला काय राग यायचा न्हाई. सिस्टर म्हणाल्या, आधी पाठ बघू दे. पाठ बघितली, डाग फिका झालेला. मग एका हातानं आईला कुशीवर धरलेलं, दुसऱ्या हातानं चादर ओढतायत आणि त्याच्यातच, डोळे उघडे ठेवून, चार वाक्यं बोलल्या, प्रभू ह्यांना झोप दे, ह्यांच्या लेकाला आणि सुनेला पण झोप दे, असं काहीतरी. सुनेला पण म्हणल्यावर बायको आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुस्तिका नाही, कॅलेंडर नाही. (कॅलेंडर दिलं असतं तर मी घेतलं असतं, आमच्याकडं सगळ्यांची कॅलेंडरं लागतात.)

पण माझा प्रश्न मिटला नव्हता. मी सरळ काकांनाच विचारायला गेलो, अर्ध्या वाटेत म्हणलं आपण काय विचारतोय, तरी विचारलं. की काका, हे कशासाठी. काका चिडले नाहीत. म्हणाले लपवायचं काय, कोल्हापुरात १८५२ ला वायल्डर साहेब अमेरिकेतनं आले ते प्रचार करायलाच आले, शाळा काढल्या त्या पण त्यासाठी. मिरजेला वॉनलेस साहेबांनी १८९४ ला दवाखाना उभा केला, ते पण मिशनरीच होते, पेशंटला ख्रिस्ताबद्दल सांगायचेच. पण शस्त्रक्रिया करताना ऐकणारा आणि न ऐकणारा असा फरक केला असता तर अख्खा दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक मिरजेला कशाला गेला असता. हे मला पटलं, कारण आमच्या पणजोबांच्या पोटाचं ऑपरेशन मिरजेलाच झालेलं, घरात अजून सांगतात, बैलगाडी, मग रेल्वे, आणि परत आल्यावर पणजीनं जोतिबाला नारळ फोडला. पणजोबा मरेपर्यंत माळकरी होते.

आणि मग काकांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून डोक्यात घोळवतोय. बायबलात शेवटच्या न्यायाची गोष्ट आहे, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात. राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं, तहानलेला होतो पाणी दिलं, परका होतो घरात घेतलं, उघडा होतो पांघरूण घातलं, आजारी होतो, तुरुंगात होतो, भेटायला आलात. ती लोकं गोंधळतात, आम्ही तुला कधी बघितलं? तो म्हणतो ह्या माझ्या लहानातल्या लहान भावंडांपैकी एकासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं. मी म्हणलं हा, हे ऐकलंय. काका म्हणाले, ऐकलंय पण गोची कळली का? त्यांना माहितीच नव्हतं. माहिती नसताना केलं म्हणून ते उजवीकडं उभे. आणि आमची अडचण अशी की आम्हाला ही गोष्ट लहानपणापासून पाठ. त्यामुळं कुणाला पाणी दिलं तरी मनात एक पोरगं बोट वर करून उभं असतं, बघितलं का देवा, बघितलं का. ते पोरगं गप्प कसं करायचं ह्याच्यावर इथं वर्षानुवर्षं वाद झालेत. म्हणून नावं नाहीत. म्हणून फोटो नाहीत. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूनं सांगितलंय, आम्ही निदान पाटी लावत नाही.

आता २०१९ चा महापूर आठवा, आणि परत २०२१ चा. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी कुठल्या कुठं मागं टाकून गेलेली, हायवे बंद, आणि शहरात जिकडंतिकडं मदत वाटप. मी स्वतः होतो त्याच्यात, आमच्या ग्रुपनं पण वाटलं. ते फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत, बिस्किटाचा पुडा एक आणि धरणारे हात सात, आणि समोर जी आजी आहे ती कॅमेऱ्याकडं बघत नाही, पुड्याकडं पण बघत नाही, खाली बघतीय. काकांचं ऐकून घरी आल्यावर मी तो फोटो काढून बघितला. डिलीट केला नाही. का केला नाही माहीत नाही.

बरं, तक्रारी. रिव्ह्यू आहे तर लिहायलाच पाहिजे, नाहीतर सगळं गोडगोड होईल. फोन उचलत नाहीत, म्हणजे सात वाजल्यानंतर तर नाहीच नाही, आणि ज्याला रात्री दहाला हॉस्पिटलनं सांगितलं उद्या सकाळी घरी न्या त्यानं काय करायचं? वॉकर २२ ची चारपैकी दोन रबरी बुचं पार झिजलेली होती, ओल्या फरशीवर ती घसरतात, आणि ज्या बाईचं हाड फरशीवर घसरूनच मोडलंय तिला असला वॉकर द्यायचा म्हणजे, मी बोललो, त्यांनी चूक मान्य केली, तरी नवीन बुचं मीच आणून बसवली, फार नाही, शंभरच्या आत. कमोड चेअरच्या भांड्याला झाकण नव्हतं, आम्ही कढईचं लावलं, त्यावरनं घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत, व्हीलचेअर ठेवलेल्या खोलीला तीन पायऱ्या, रॅम्प नाही. मी काकांना म्हणलं, ज्याला व्हीलचेअर पाहिजे तो आत यायचा कसा. म्हणाले त्याचं माणूस येतं. म्हणलं ज्याला माणूस नाही तो? काका गप्प बसले आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. साडेचार स्टार. अर्धा त्या बुचांसाठी कापला, पायऱ्यांचा अजून कापला नाही, बघू.

परत द्यायला गेलो तो रविवार होता, आईला आता काठीवर चालता येत होतं, साधारण अडीच महिने झालेले. डाग पूर्ण गेला. नेमका त्या दिवशी त्यांचा कापणीचा सण. मला माहीत नव्हतं हा प्रकार. आवारात मांडव, टेबलावर तांदळाची पोती, गुळाच्या ढेपा, ऊस, केळीचे घड, कुणी चकल्या करून आणलेल्या, पाय बांधलेला एक कोंबडा. वर्षाचं पीक आलं की त्यातलं देवाला आणायचं, आणि ज्यांची शेती नाही ते घरात केलेलं आणतात. उपासना झाली की त्याचा लिलाव. आणि लिलाव म्हणजे काय लिलाव, आमच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याच्या तोंडात मारेल असा. एक अंड्याचा ट्रे चारशेला गेला, घेणाऱ्यानं परत टेबलावर ठेवला, परत बोला. साडेतीनशेला गेला, त्यानं पण परत ठेवला. तिसऱ्यांदा एका आजीनं दोनशेला घेतला आणि पदराखाली धरला, म्हणाली आता न्हाई द्यायची, अंडी हायत ती, चेंडू न्हाई. अख्खा मांडव हसला. मी टेम्पोवाल्याला थांबवून बघत उभा. त्या पैशातनं ह्या वर्षी दोन एअर बेड घ्यायचेत असं माईकवर सांगितलं आणि काय झालं मला, एक लाल भोपळा वर धरला होता, मी सातशे म्हणलं. कुणी पुढं बोललंच नाही. टेम्पोवाला म्हणाला साहेब, मंडईत साठला मिळतोय. भोपळा घेऊन आलो घरी, चार दिवस घारगे खाल्ले.

कॉट उतरवली तर सिस्टर तिथंच होत्या, फिनेलची बादली घेऊन. दोन पोरांनी तिथंच धुतली, वाळायच्या आधी काकांनी वहीत बघितलं आणि म्हणाले बावड्याला जायचीय, संध्याकाळपर्यंत. मी म्हणलं गुडघ्याचं हँडल जाम आहे, त्यांना सांगा. हजार रुपये परत द्यायला लागले, मी म्हणलं राहू दे. नाही म्हणाले, डिपॉझिट ते डिपॉझिट, ते घ्या, मग द्यायचं तर वेगळं द्या, आणि पावती घ्या. मग मी बोललो जे आईनं सांगून पाठवलं होतं, की वडिलांच्या नावानं एक नवीन कॉट द्यायची आमच्या मनात आहे, वर बारीक पाटी, कैलासवासी म्हणून. काका म्हणाले कॉट घेऊ, आनंदानं घेऊ, पाटी नाही. मी म्हणलं आई नाराज होईल. म्हणाले मग आईंना इथं घेऊन या, मी बोलतो त्यांच्याशी. पायऱ्या आहेत की तुमच्या, मी म्हणलं. ते म्हणाले डिसेंबरात रॅम्प होतोय, नाताळच्या आधी, गवंडी ठरलाय.

आईला घरी येऊन सांगितलं तर ती रुसली, मग म्हणाली बरं, नंबर तरी त्यांच्या आवडीचा टाका म्हणावं, अकरा. वडील पोस्टात होते, त्यांची टपाल वाटायची बीट अकरा नंबरची. काकांना फोनवर विचारलं, सातच्या आत केला म्हणून उचलला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले कॉट ११ ची पायाकडची बाजू मोडलीय, ती भंगारात काढणारच होतो, नंबर रिकामा होतोय.

एक काठी मात्र आईनं परत दिलेली नाही. काठी ५, बुडाला चार पाय असलेली. तिला दुसरी नवीन आणून दिली तरी हीच पाहिजे म्हणती, हात बसलाय म्हणे. मी काकांना पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत, विकायला नाही म्हणाले. वही उघडून दाखवली. आमच्या नावासमोर सगळ्याला 'जमा' लिहिलंय, काठीपुढं पेन्सिलीनं लिहिलंय, 'आईंकडे, चालू'.